दुसऱ्या रुग्णाची शस्त्रक्रिया का झाली नाही

१२ सप्टेंबर २०१४ रोजी जपानमधल्या कोबे शहरात सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंच्या डोळ्यात पेशींचा एक पापुद्रा बसवण्यात आला. तीन मिलिमीटर लांब, १.३ मिलिमीटर रुंद. त्यातल्या पेशी दृष्टिपटलाच्या होत्या, पण त्या आल्या होत्या बाईंच्या स्वतःच्या त्वचेतून. त्वचेचा छोटा तुकडा काढायचा, त्यातल्या पेशींना मागे नेऊन मूलपेशी, म्हणजे कुठल्याही प्रकारची पेशी होऊ शकणाऱ्या स्टेम सेल बनवायचं आणि मग त्यांना पुढे आणून डोळ्याच्या पेशी बनवायचं, असा हा प्रवास. माणसावर असं रोपण याआधी कधीच झालं नव्हतं. बातमी जगभर गेली.

याच अभ्यासात दुसरा रुग्ण होता, ६८ वर्षांचा पुरुष. त्याचीही त्वचा घेतली, मूलपेशी तयार झाल्या, डोळ्याच्या पेशीही तयार झाल्या. त्या त्याच्या डोळ्यात कधीच गेल्या नाहीत. २०१५ मध्ये अभ्यास थांबवण्यात आला. मूलपेशींच्या उपचारात नेमकं काय आडवं येतं हे समजून घ्यायचं असेल, तर पहिल्या रुग्णापेक्षा हा दुसरा रुग्ण जास्त शिकवतो.

आजार आणि डोळाच का

वयानुसार होणारा मॅक्युलाचा ऱ्हास हा म्हातारपणी दृष्टी जाण्याच्या मोठ्या कारणांपैकी एक. मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा, दृष्टिपटलाचा, मधला भाग. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं ही सगळी कामं त्याची. पडद्यातल्या प्रकाशग्राही पेशींच्या मागे रंजक पेशींचा एकपदरी थर असतो. तो त्यांना पोषण देतो आणि त्यांचा कचरा उचलतो. आजाराच्या 'ओल्या' प्रकारात या थराखालून नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या वर घुसतात, गळतात, आणि थर उद्ध्वस्त होतो. डोळ्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी गळती आवरता येते. मेलेला थर मात्र त्यांनी परत येत नाही. कोबेच्या पहिल्या रुग्णाने शस्त्रक्रियेआधी अशी १३ इंजेक्शनं घेतली होती, तरी दृष्टी घसरतच होती.

या अभ्यासाचं नेतृत्व रिकेन या सरकारी संशोधन संस्थेतल्या नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशी यांच्याकडे होतं. त्यांनी डोळा निवडला यामागे भावनेपेक्षा हिशेब अधिक होता. लागणाऱ्या पेशी थोड्या, यकृतासाठी किंवा हृदयासाठी लागतील तशा अब्जावधी नाहीत. रंजक पेशी गडद रंगाच्या असल्याने नको असलेल्या पेशींतून त्या ओळखून वेगळ्या काढता येतात. रोपण केलेला भाग बाहुलीतून थेट पाहता येतो, त्याचे थरागणिक फोटो काढता येतात. काही वाईट उगवलंच तर लेझरने जाळता येतं. शिवाय रंजक पेशींत मुळातच गाठी क्वचित होतात. मूलपेशींच्या उपचाराची सर्वांत सोपी परीक्षा कुठे घ्यावी असं विचारलं, तर उत्तर हेच यावं. या सोप्या परीक्षेतही गाडी अडली.

स्वतःच्याच पेशी हव्यात, असं का वाटलं

१९९८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी वेगळ्या केल्या, तेव्हापासून या क्षेत्रावर दोन सावल्या होत्या. एक नैतिक वादाची: पेशी मिळवताना भ्रूण नष्ट होतो. अमेरिकेत २००१ मध्ये अध्यक्ष बुश यांनी सरकारी पैसा आधीच तयार असलेल्या पेशीवंशांपुरता, म्हणजे एकाच मुळातून वाढवत ठेवलेल्या पेशींपुरता, मर्यादित केला आणि २००९ मध्ये ओबामांनी ते बंधन सैल केलं. दुसरी सावली कमी गाजलेली, पण वैद्यकाच्या दृष्टीने जास्त अवघड: भ्रूणाच्या पेशी रुग्णासाठी परक्याच असतात, आणि शरीर परक्याला हाकलतं.

जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या प्रौढ पेशींना मूळ अवस्थेत नेऊन दाखवलं, तेव्हा दोन्ही सावल्या एका झटक्यात हटल्यासारख्या वाटल्या. भ्रूण नको, आणि पेशी रुग्णाच्याच. या आयपीएस पेशींसाठी त्यांना २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. ताकाहाशींचा अभ्यास याच कल्पनेचं पहिलं प्रत्यक्ष रूप होता आणि जुलै २०१३ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने त्याला परवानगी दिली. सहा रुग्णांवर रोपण करायचं ठरलं होतं.

यामानाकांच्या मूळ पद्धतीत चार जनुकं विषाणूंच्या पाठीवर बसवून पेशीत सोडली जात. त्यातलं एक, सी-मिक, कर्करोगाच्या अभ्यासकांच्या चांगल्या ओळखीचं. विषाणू पेशीच्या डीएनएत कुठेही घुसून बसतो, तोही धोका. म्हणून कोबेच्या गटाने विषाणू टाळला आणि डीएनएत न मिसळणारी, काम झालं की हरवून जाणारी प्लाझ्मिडं, म्हणजे डीएनएची छोटी वर्तुळं, वापरली. म्हणजे ज्या धोक्याची सगळ्यांना भीती होती त्याचा बंदोबस्त आधीच झाला होता. पुढे जो आला तो दुसऱ्याच दाराने आला.

पहिल्या रुग्णाचा निकाल

वर्षभराने पापुद्रा जागच्या जागी होता. गाठ नव्हती, शरीराने पेशी नाकारल्या नव्हत्या, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधंही दिली नव्हती. इंजेक्शनं थांबली होती. दृष्टी मात्र सुधारली नाही, बिघडलीही नाही. मार्च २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे छापून आलं तेव्हा अनेकांना हा निकाल कोमट वाटला.

मला तो कोमट वाटत नाही, पण लोकांना तसं का वाटलं हे समजतं. नवा, धोकादायक उपचार पहिल्यांदा कोणावर करायचा? ज्याच्याकडे गमावण्यासारखं फारसं उरलेलं नाही, त्याच्यावर. नीतीचा हा नियम योग्यच आहे. पण ज्या डोळ्यात गमावण्यासारखं उरलेलं नाही, त्या डोळ्यात कमावण्यासारखंही थोडंच असतं. प्रकाशग्राही पेशी वर्षानुवर्षं उपाशी राहून मेल्या असतील, तर त्यांच्यामागे ताजा थर बसवून त्या उठून उभ्या राहत नाहीत. त्यामुळे सुरक्षिततेचा पहिला अभ्यास परिणामाच्या नजरेने पाहिला की जवळपास नेहमीच फिका दिसतो. आणि फिका दिसला की पुढचा पैसा आटतो. मूलपेशींच्या वाटेवरचा हा अडथळा प्रयोगशाळेतला नाही, पण तो प्रयोगशाळा बंद पाडू शकतो.

दुसऱ्या रुग्णाच्या पेशी

रोपणाआधी आयपीएस पेशींचा संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएचं अक्षरन्‌अक्षर, वाचायचा, असा या गटाचा शिरस्ता होता. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत काही बदल सापडले. कुठे एखादं अक्षर बदललेलं, कुठे डीएनएच्या तुकड्याच्या प्रतींची संख्या बदललेली. त्याच माणसाच्या मूळ त्वचापेशी तपासल्या तर त्यांत हे बदल दिसले नाहीत. एका बदलाचा कर्करोगाच्या नोंदींत उल्लेख होता, पण धागा फारच बारीक. उंदरांमध्ये या पेशींनी गाठी केल्या नव्हत्या.

इथे जरा थांबून 'मूळ पेशींत दिसले नाहीत' या शब्दांकडे नीट पाहायला हवं. वाचणाऱ्याला वाटतं, म्हणजे प्रयोगशाळेत बिघाड झाला. तसं असेलच असं नाही. सत्तरीच्या आसपासच्या माणसाच्या त्वचेतली प्रत्येक पेशी आयुष्यभराच्या उन्हाने आणि विभाजनाने शेकडो-हजारो बदल अंगावर बाळगून असते, आणि प्रत्येकीचे बदल वेगळे. लाखो पेशी एकत्र वाचल्या की एखाद्याच पेशीतला बदल गर्दीत बुडून जातो. आयपीएस पेशींचा वंश मात्र एकाच पेशीतून उभा राहतो. त्या एकीचं सगळं बरंवाईट मग कोट्यवधी वारसांत जसंच्या तसं उतरतं. म्हणजे बदल आधीपासून असतील आणि फक्त मोठे होऊन समोर आले असतील, हेही शक्य.

उलट शक्यताही खरी आहे. बशीत वाढणाऱ्या पेशींत जी जरा जोमाने वाढते ती बाकीच्यांना मागे टाकते, आणि जोमाने वाढण्याची कला बऱ्याचदा कर्करोगाच्या रस्त्यावरचीच असते. २०१७ मध्ये १४० मानवी भ्रूण मूलपेशीवंशांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या पाचांत टीपी५३ या जनुकात बदल सापडले. गाठींना आळा घालणारं हेच ते जनुक, आणि मानवी कर्करोगांत सर्वाधिक वेळा बिघडलेलं आढळणारंही हेच. त्यातले काही वंश तर उपचारांसाठी तयार केलेले होते.

मग कोबेच्या टेबलावर प्रश्न असा पडला: किती बदल चालतील? कोणते चालतील? शून्य बदल असलेली मानवी पेशी अस्तित्वातच नाही. आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात आत्ता या घडीला बदल असलेल्या पेशी निवांत काम करत आहेत. अवयवरोपणात दिलेल्या मूत्रपिंडाचा जीनोम कोणी अक्षरन्‌अक्षर वाचत नाही. वाचला तर काय काय निघेल देव जाणे. इथे वाचला, कारण वाचता येत होता. वाचल्यावर जे दिसलं त्याला मोजायची पट्टी मात्र कोणाकडेच नव्हती. उंदीर दोनेक वर्षं जगतो. रुग्ण वीस वर्षं जगेल. उंदरात गाठ झाली नाही, हे उत्तर अर्धंच.

त्यातच नियम बदलत होते. पुनरुत्पादक वैद्यकाच्या सुरक्षिततेचा जपानचा नवा कायदा २५ नोव्हेंबर २०१४ पासून लागू झाला. अभ्यासाला परवानगी जुन्या मार्गदर्शक तत्त्वांखाली मिळाली होती. पुढच्या रुग्णासाठी नव्या चौकटीत पुन्हा उभं राहणं आलं. गंमत अशी की हा कायदा संशोधनाला वेग यावा म्हणूनच आणला होता, आणि त्याच सुमाराला औषधविषयक कायदाही बदलून पुनरुत्पादक उत्पादनांना सशर्त, मुदतीची मान्यता देण्याची सोय केली होती. पण मधल्या वळणावर असलेल्यांना नवा रस्ताही आधी थांबवतोच.

आणखी एक गोष्ट अहवालांत येत नाही, पण वातावरणात होती. याच संस्थेच्या याच कोबे केंद्रातून जानेवारी २०१४ मध्ये 'स्टॅप' पेशींचा दावा झाला: साध्या पेशी आम्लात बुडवल्या की मूलपेशी होतात. तो टिकला नाही. जुलैत शोधनिबंध मागे घेतले गेले, ऑगस्टमध्ये केंद्रातले ज्येष्ठ शास्त्रज्ञ योशिकी सासाई यांनी आत्महत्या केली. ताकाहाशींचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. तरी त्यांनी त्या उन्हाळ्यात जाहीरपणे लिहिलं होतं की संस्थेचं वागणं पाहता आपल्या अभ्यासाचाही फेरविचार करावा असं वाटतं. अशा घरात बसून 'हे बदल बहुधा निरुपद्रवी आहेत, पुढे जाऊ या' असं म्हणणं कोणालाही जड गेलं असतं.

शस्त्रक्रिया झाली नाही. मला हा निर्णय बरोबर वाटतो, पण ज्या कारणाने त्याचं सहसा कौतुक होतं त्या कारणाने नव्हे. पेशी धोकादायक ठरल्या म्हणून त्या नाकारल्या गेल्या, असं सांगितलं जातं. त्या धोकादायक ठरल्या नव्हत्या. त्या धोकादायक नाहीत हे ठरवता येत नव्हतं. हा फरक लहान नाही. पहिल्यात विज्ञानाने उत्तर दिलेलं असतं. दुसऱ्यात उत्तर नसताना कोणीतरी जबाबदारी घेतलेली असते. आणि अंधुक होत जाणारी नजर घेऊन वाट पाहणाऱ्या त्या ६८ वर्षांच्या माणसाला दोन्हींचा परिणाम सारखाच भोगावा लागला.

पैशाचं गणित

बदल सापडले नसते तरी हा रस्ता फार लांब गेला नसता, असं माझं मत. पहिल्या रुग्णाच्या एका पापुद्र्याला सुमारे दहा महिने आणि सुमारे १० कोटी येन लागले. यातला मोठा हिस्सा पेशी वाढवण्यावर नाही, तपासण्यावर गेला. औषधाच्या कारखान्यात एका घाण्यातून लाख गोळ्या निघतात आणि तपासणी त्या घाण्याची एकदाच होते. स्वतःच्या पेशींच्या उपचारात प्रत्येक रुग्ण म्हणजे नवा घाणा: नवी जंतुतपासणी, नवा जीनोम, नवे उंदीर. हजारावा रुग्णही पहिल्याइतकाच महाग. आणि दहा महिने थांबणं या आजारात तरी जमतं. मणक्याला ताजी इजा झालेल्या माणसाला दहा महिन्यांनी येणाऱ्या पेशींचा काय उपयोग?

म्हणून गट परक्या पेशींकडे वळला, पण निवडून घेतलेल्या. क्योतो विद्यापीठातली यामानाकांची संस्था आयपीएस पेशींचा साठा तयार करत होती. ज्यांना आई आणि वडील दोघांकडून एकसारखी ऊतीखूण, म्हणजे एचएलए मिळाली आहे असे दाते शोधायचे. अशा दात्याच्या पेशी खूप जणांच्या शरीराला 'आपल्यातल्या' वाटतात. पहिल्या दात्याचाच वंश सुमारे १७ टक्के जपानी लोकांना जुळणारा होता. चार दात्यांवर हा आकडा ४० टक्क्यांच्या आसपास गेला. पुढचे टक्के मात्र महाग होत जातात, कारण दुर्मीळ खुणांचे दाते दुर्मीळच. ७५ दात्यांत ८० टक्के लोकसंख्या, असा सुरुवातीचा अंदाज होता. ज्या देशांत माणसं नाना वंशांची आहेत तिथे हे गणित याहून बिकट.

साठ्याची स्वतःची दुखणीही होती. जानेवारी २०१७ मध्ये नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या काही पेशींचा पुरवठा थांबवावा लागला, कारण बनवताना चुकीचं रसायन वापरलं गेलं असावं अशी शंका आली. ना जनुक, ना नीती, बाटलीतली गल्लत. अशा गोष्टींवर परिसंवाद होत नाहीत, पण कामाचे महिने जातात ते यातच.

मार्च २०१७ मध्ये साठीतल्या एका पुरुषाला साठ्यातल्या पेशी दिल्या गेल्या. या वेळी पापुद्रा नव्हता, द्रवात तरंगत्या अडीच लाख पेशींचं इंजेक्शन होतं. त्या वर्षात पाच जणांवर हे झालं. पेशी टिकल्या. एका डोळ्यात शरीराच्या सौम्य विरोधाची शंका आली, ती स्थानिक स्टिरॉइडवर आवरली. एका रुग्णाच्या दृष्टिपटलावर पातळ पडदा धरला आणि सूज आली. जानेवारी २०१८ मध्ये शस्त्रक्रियेने तो काढावा लागला. बातम्यांनी याला आयपीएस रोपणातला पहिला गंभीर दुष्परिणाम म्हटलं. तो पेशींच्या स्वभावातून आलेला नव्हता, पेशी डोळ्यात पोहोचवण्याच्या पद्धतीशी त्याचा संबंध जास्त असावा. शुद्ध, तपासलेली पेशी हातात असणं आणि ती नेमक्या जागी मुक्कामाला बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला सहसा कोणी टाळ्या वाजवत नाही.

त्याच अंकातला दुसरा लेख

कोबेच्या पहिल्या रुग्णाची हकिकत ज्या अंकात छापली, त्याच अंकात फ्लोरिडातल्या तीन स्त्रियांची हकिकतही होती. वयं ७२ ते ८८, आजार तोच. एका खासगी दवाखान्याने त्यांच्या पोटाची चरबी काढून त्यातल्या तथाकथित मूलपेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. दोघींनी त्यासाठी प्रत्येकी ५००० डॉलर मोजले होते. अमेरिकेच्या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर या कामाची नोंद होती, त्यामुळे आपण संशोधनात भाग घेत आहोत असा समज होण्याला जागा होती. संमतीपत्रात मात्र संशोधनाचा उल्लेख नव्हता. काही दिवसांत रक्तस्राव झाला, पडदा सुटला. तिघींची नजर जवळपास गेली. एकीला उजेडही कळेना.

चरबीतून निघालेल्या पेशी रंजक पेशी होतात याला आधार नव्हता. दोन्ही डोळे एका दिवशी करू नयेत हा तर नेत्रवैद्यकातला प्राथमिक शहाणपणा.

दोन लेख शेजारी ठेवले की दिसतं ते असं. जिथे जीनोम वाचला, तिथे बदल सापडले आणि काम थांबलं. जिथे काहीच वाचलं नाही, तिथे थांबण्याचं कारणच सापडलं नाही. जो तपासतो त्याच्याच वाटेत अडथळे उभे राहतात, आणि वाट पाहून कंटाळलेला रुग्ण जातो तो न तपासणाऱ्याच्या दारात. नियम कडक हवेत की सैल, हा वाद मला म्हणून अपुरा वाटतो. कोबेच्या गटाला सैल नियम नको होते. किती बदल म्हणजे फार झाले, हे आधी कुठेतरी लिहिलेलं हवं होतं.

आता

पहिल्या रुग्णाच्या डोळ्यातला पापुद्रा चार वर्षांनंतरच्या तपासणीतही जागेवर होता. ताकाहाशी २०१९ मध्ये संस्था सोडून कोबेतच एका कंपनीच्या प्रमुख झाल्या. पेशी बनवण्याइतकंच त्या पोहोचवण्याचं आणि परवडण्याचं काम महत्त्वाचं आहे, हे त्या बऱ्याच आधीपासून सांगत होत्या. क्योतोमध्ये साठ्याच्या जोडीने जनुकसंपादन करून शरीराच्या नजरेतून लपणाऱ्या पेशी बनवण्याचं काम चालू आहे. संपादन म्हणजे आणखी बदल, मुद्दाम केलेले.

आणि तिथेच स्वतःच्या पेशींचा जुना बेतही पुन्हा बाहेर काढला गेला आहे. यंत्रांकडून, बंद पेटीत, माणसाचा हात न लागता प्रत्येकाच्या आयपीएस पेशी सुमारे १० लाख येनमध्ये बनवायच्या, असं त्याचं लक्ष्य आहे. पहिल्या रुग्णाच्या खर्चाचा शंभरावा हिस्सा. यंत्र पेशी वाढवेल, जीनोमही वाचून देईल, आणि त्यात बदल निघतील, कारण ते निघतातच. मग ती यादी कोणाच्या तरी टेबलावर जाईल.